पेट्रोलचा थेंब आणि विमानाचा पल्ला

विमानविद्येच्या इतिहासांत वेगाचा आणि उंचीचा जितका गाजावाजा झाला, तितका काटकसरीचा झाला नाहीं. सर्वांत वेगानें कोण गेला आणि सर्वांत उंच कोण चढला, हें शाळेंतील मुलेंहि सांगूं शकतात. परंतु टाकींत भरलेलें पेट्रोल अधिकांत अधिक अंतरास कसें पुरवावें, हा प्रश्न बहुधा यंत्रज्ञांच्या वह्यांतच राहून गेला. वस्तुतः जेट विमानें येण्यापूर्वी, म्हणजे दट्ट्याच्या इंजिनावर विमानें चालत त्या काळांत, समुद्र ओलांडावयास निघालेल्या वैमानिकाचें आयुष्य याच प्रश्नाच्या उत्तरावर अवलंबून असे. रस्त्यांत पेट्रोल संपलें तर मोटार कडेला उभी करून पायीं गांव गांठतां येतें. पॅसिफिक महासागराच्या मध्यावर विमानाला ती सोय नाहीं.

ता. २० मे १९२७ रोजीं सकाळीं न्यूयॉर्कजवळील रूझवेल्ट फील्डवरून चार्लस लिंडबर्ग हा पंचवीस वर्षांचा तरुण एकटा उडाला आणि साडेतेहेतीस तासांनीं पॅरिसच्या ल बुर्जे विमानतळावर उतरला. अंतर सुमारे ३,६०० मैलांचें, इंजिन एकच, त्याची शक्ति अवघी सव्वादोनशें घोड्यांच्या आसपास, आणि टाक्यांत सुमारे ४५० अमेरिकन गॅलन पेट्रोल. बरोबर घ्यावयाची प्रत्येक वस्तु त्यानें वजनाच्या कांट्यावर पारखली होती. रेडिओ नाहीं, हवाई छत्री नाहीं. नकाशांच्या नको असलेल्या कडासुद्धां त्यानें कातरून टाकल्या. ही कथा सर्वतोमुखी झाली आहे. परंतु वजन कमी करणें हें कोणालाहि सुचण्यासारखें आहे. त्या उड्डाणांतील खरें शहाणपण विमानाचा आराखडा करणाऱ्या डोनल्ड हॉल या इंजिनियराच्या गणितांत होतें. निघतांना ताशीं सुमारे ९५ मैल वेग ठेवावा आणि पेट्रोल जळून विमान हलकें होत जाईल तसतसा तो कमी करीत शेवटीं ७५ मैलांच्या घरांत आणावा, असें त्याच्या आंकड्यांवरून निघत होतें. घराची ओढ लागलेल्या माणसाला शेवटीं शेवटीं हळू चालावयास सांगणें विचित्र वाटेल; पण हिशेब तसाच होता. लिंडबर्गला आयर्लंडचा किनारा दिसला आणि हातीं पेट्रोल भरपूर उरलें आहे अशी त्याची खात्री झाली, तेव्हांच त्यानें वेग वाढविला. पॅरिसला उतरला त्या वेळीं टाक्यांत सुमारे ८५ गॅलन शिल्लक होते.

हा वेगाचा हिशेब कोठून येतो? हवेंतून जाणाऱ्या विमानास दोन प्रकारचा अडथळा सोसावा लागतो. एक, हवेला सारून पुढें जाण्याचा. तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढतो, म्हणजे वेग दुप्पट केला तर हा अडथळा चौपट होतो. दुसरा अडथळा वजन तोलून धरण्याची किंमत म्हणून द्यावा लागतो. विमान हळू चाललें कीं पंखांना नाक वर करून हवेंत रेलावें लागतें आणि हा दुसरा अडथळा भराभर वाढतो. वेग वाढला कीं तो घटतो. दोहोंची बेरीज ज्या वेगास सर्वांत कमी भरते, तो वेग पल्ल्याचा. त्याहून हळू गेल्यास पेट्रोल वांचेल अशी सामान्य माणसाची समजूत असते, आणि ती निम्मी खरी आहे. त्याहून कांहींशा कमी वेगानें विमान अधिक तास हवेंत राहतें, पण अधिक मैल जात नाहीं. घिरट्या घालीत पाणबुडी शोधणाऱ्यास तास हवे असतात, सागर ओलांडणाऱ्यास मैल. विमान हलकें झालें कीं वजन तोलण्याची किंमत उतरते आणि पल्ल्याचा वेगहि उतरतो. म्हणून हॉलच्या गणितांतील तो उतरता वेग. वारा समोरून असेल तर मात्र या वेगापेक्षां थोडें जलद जाणेंच फायद्याचें, कारण प्रत्येक जास्तीचा तास वारा विमानाला मागें लोटीत असतो.

फ्रान्समधील विमानांचे प्रसिद्ध निर्माते लुई ब्रेगे यांच्या नांवानें एक सूत्र ओळखलें जातें. त्यांत पल्ला तीन गोष्टींच्या गुणाकारानें मिळतो: इंजिन व पंखा मिळून एक पौंड पेट्रोलांतून किती काम काढतात, विमानाचा उचल-भार आणि अडथळा यांचें प्रमाण काय, आणि निघतांनाचें वजन उतरतांनाच्या वजनाच्या किती पट आहे. तिसरी गोष्ट मोठी लबाड आहे. ती सूत्रांत सरळ येत नाहीं, तिचा लॉगरिदम येतो. दुप्पट पेट्रोल भरलें म्हणून पल्ला दुप्पट होत नाहीं, कारण पहिल्या प्रहरीं जळणारें पेट्रोल बव्हंशीं शेवटच्या प्रहरीचें पेट्रोल वाहून नेण्यांतच खर्च होतें. वाळवंटांतील उंट पाणी वाहतो आणि त्यांतलेंच पाणी पितो, तशांतली ही गत. ब्रेगे यांच्याच कारखान्यांतील एका विमानांतून कोस्त आणि बेलाँत या दोघां फ्रेंच वैमानिकांनीं १९३० च्या सप्टेंबरांत पॅरिसहून न्यूयॉर्क ३७ तासांत गांठलें. लिंडबर्गच्या वाटेनें, पण उलट दिशेनें आणि उलट वाऱ्यांत.

या वाऱ्याच्या प्रकरणाचा एक धागा हिंदुस्थानाशींहि जुळतो. १९२९ च्या एप्रिलांत इंग्लंडच्या हवाई दलाचें एक लांब पंखांचें फेअरी विमान क्रॅनवेलहून निघालें तें बंगलोरला थेट जाण्याच्या उद्देशानें. वाटेंत समोरच्या वाऱ्यानें पेट्रोल इतकें खाल्लें कीं पन्नास तासांवर उडून, ४,१३० मैल कापून, तें कराचीसच उतरवावें लागलें. इंग्लंडहून हिंदुस्थानपर्यंत न थांबतां झालेलें तें पहिलें उड्डाण ठरलें, म्हणून अपयश कोणीं म्हटलें नाहीं. त्यानंतरच्या दहा वर्षांत लांब अरुंद पंख हेंच अशा विमानांचें लक्षण झालें. रशियाच्या आ.न.त.-२५ या एक-इंजिनी विमानाचे पंख ३४ मीटर पसरलेले होते. १९३७ सालीं तें उत्तर ध्रुवावरून मॉस्कोहून कॅलिफोर्नियापर्यंत, १०,००० किलोमीटरांहून अधिक, एका दमांत गेलें. १९३८ च्या नोव्हेंबरांत विकर्स वेलेस्ली जातीच्या तीन विमानांपैकीं दोन इजिप्तमधील इस्मायलियाहून ऑस्ट्रेलियांतील डार्विनला ७,१५० मैलांवर अंतर न थांबतां पोंचलीं. तिसऱ्याला पेट्रोल कमी पडल्यामुळें तिमोर बेटावर उतरून भरणा करून घ्यावा लागला.

पंखांचें शास्त्र असें लवकर परिपक्व झालें. इंजिन कसें चालवावें हें शास्त्र मात्र कारखान्यांत ठाऊक असूनहि विमानांत बसणाऱ्यांपर्यंत नीट पोंचलें नव्हतें. अमेलिया इअरहार्टच्या विमानांत इंजिनांतून निघणाऱ्या धुराची परीक्षा करून मिश्रण विरळ आहे कीं दाट हें दाखविणारें यंत्र बसविलेलें होतें, आणि लॉकहीड कंपनीच्या केली जॉन्सन यांनीं तिला कोणत्या उंचीवर किती फेरे, किती दाब व किती मिश्रण ठेवावें याचे आंकडे तारेनें कळविले होते. २ जुलै १९३७ रोजीं ती आणि तिचा दिशादर्शक फ्रेड नूनन न्यू गिनींतील लाए येथून अडीच हजार मैलांवरील हाउलंड नांवाच्या ठिपक्याएवढ्या बेटाकडे निघालीं. टाक्यांत सुमारे १,१०० गॅलन पेट्रोल होतें. वीस तासांच्या वाटेला तें पुरेसें होतें. पण बेट दिसलें नाहीं. पेट्रोल कमी होत चाललें असल्याचा निरोप बेटाजवळच्या जहाजाला ऐकूं आला, आणि मग कांहींच ऐकूं आलें नाहीं. काटकसरीनें वेळ मिळतो. बेट सांपडत नाहीं.

त्याच केली जॉन्सन यांच्या हातून पुढें पी-३८ ‘लाइटनिंग’ हें दोन इंजिनांचें लढाऊ विमान तयार झालें, आणि या कथेंतील सर्वांत बोधप्रद प्रसंग त्याच विमानाच्या संबंधांत घडला. १९४४ च्या उन्हाळ्यांत अमेरिकेचें पांचवें हवाई दल न्यू गिनीच्या किनाऱ्यानें जपान्यांना मागें रेटीत होतें. अंतरें प्रचंड, खालीं अरण्य किंवा समुद्र, आणि हवा बेभरंवशाची. त्याच वर्षीं १६ एप्रिलला हॉलंडियावर हल्ला करून परतणाऱ्या विमानांना ढगांनीं वेढलें. कित्येकांना तळ दिसेना, पेट्रोल संपत आलें, आणि त्या एका दुपारीं तीसांहून अधिक विमानें गेलीं. शत्रूच्या गोळ्यांनीं त्या दळाची एका दिवसांत कधीं एवढी हानि झाली नव्हती. त्या रविवाराला दळांत ‘काळा रविवार’ असेंच नांव पडलें.

जूनच्या अखेरीस हॉलंडियाला ४७५ व्या लढाऊ गटाच्या छावणींत एक बेचाळीस वर्षांचा मनुष्य आला. तो सैनिक नव्हता. लिंडबर्ग १९४१ पर्यंत राखीव दळांत कर्नल होता. परंतु अमेरिकेनें युद्धांत पडूं नये असा त्याचा आग्रह, अध्यक्ष रूझवेल्ट यांच्याशीं झालेला वाद, आणि विशेषतः ज्यू लोकांविषयीं त्यानें जाहीर सभेंत काढलेले निंद्य उद्गार, यांमुळें त्याची अब्रू पार उतरली होती. त्यानें कर्नलपद सोडलें आणि युद्ध सुरू झाल्यावर तें त्याला परत मिळालें नाहीं. या त्याच्या मतांवर पांघरूण घालण्याचें कारण नाहीं. विमानें बनविणाऱ्या एका कंपनीचा तज्ज्ञ म्हणून तो पॅसिफिकमध्यें आला होता. शत्रूच्या हातीं सांपडला असता तर सैनिकाचे हक्कहि त्याला मिळाले नसते. गटाचे प्रमुख कर्नल चार्लस मॅकडोनल्ड यांनीं त्याला बरोबर उडूं दिलें.

दोन-चार फेऱ्यांतच एक गोष्ट यंत्रांची निगा ठेवणाऱ्या माणसांच्या ध्यानीं आली. सर्व विमानें एकाच वेळीं निघत, एकाच वाटेनें जात, एकाच वेळीं परत येत. पण या पाहुण्याच्या टाक्यांत इतरांपेक्षां पुष्कळ अधिक पेट्रोल उरलेलें असे. वैमानिकांना यांत चमत्कार वाटला. मॅकडोनल्ड यांनीं जुलैच्या पहिल्या आठवड्यांत एका संध्याकाळीं सर्वांना जमवून त्याला हें कसें होतें तें सांगावयास लावलें.

त्याचें सांगणें थोडक्यांत होतें. वैमानिक दूरच्या प्रवासांत इंजिन मिनिटास २,२०० फेऱ्यांवर आणि मिश्रण दाट ठेवीत. लिंडबर्ग म्हणाला, फेरे १,६०० वर आणा, मिश्रण विरळ करा, आणि इंजिनांत शिरणाऱ्या हवेचा दाब वाढवून पाऱ्याच्या ३० इंचांच्या वर न्या. शक्ति जवळजवळ तेवढीच मिळेल. पेट्रोल मात्र एका फेरींत पन्नासपासून शंभर गॅलनपर्यंत वांचेल.

यांतील कारण समजून घेण्यासारखें आहे. इंजिनाचा प्रत्येक फेरा म्हणजे दट्ट्यांचें घर्षण. फेरा कामाचा असो वा रिकामा, घर्षण तेवढेंच. अर्धवट भरलेले बावीसशें फेरे करण्याऐवजीं नीट भरलेले सोळाशें फेरे केले, तर तेंच काम कमी घर्षणांत होतें. शिवाय थ्रॉटलची झडप अर्धी मिटलेली असली कीं इंजिनाला प्रत्येक श्वास अरुंद फटींतून ओढावा लागतो आणि त्या ओढाताणींत शक्ति वायां जाते. झडप उघडली कीं ही चोरी थांबते. हळू फिरणारीं पंख्याचीं पातीं अधिक तिरपीं होऊन हवेचा मोठा घांस घेतात, तोहि फायदाच. अर्थात् पातीं उडत्या विमानांत वळवितां आलीं तरच हें साधतें. पात्यांचा कोन बदलणारे पंखे १९३० नंतरच्या दशकांत प्रचारांत आले; लिंडबर्गच्या १९२७ च्या विमानाला तशी सोय नव्हती. मोटार चालविणाऱ्याला सपाट रस्त्यावर वरच्या गिअरमध्यें गाडी हळुवार गुणगुणत नेण्यांत जो लाभ होतो, त्याच जातीचा हा लाभ आहे.

मिश्रणाची गोष्ट कंदिलाच्या वातीवरून कळेल. वात फार वर केली कीं कांच काजळते. तेल जळतें पण उजेड वाढत नाहीं. एक भार पेट्रोल पुरतें जाळावयास सुमारे पंधरा भार हवा लागते. उडतांना आणि लढतांना मुद्दाम बारा भारच हवा देतात. उरलेलें पेट्रोल न जळतां सिलिंडरांना थंडावा देतें आणि मिश्रणाचा अवेळीं स्फोट होऊं देत नाहीं. पूर्ण शक्तीवर असा जास्तीचा खर्च करावाच लागतो. पण संथ प्रवासांत, शक्ति निम्म्याच्याहि खालीं असतां, तो थंडावा अनावश्यक आहे. तेथें सोळा-सतरा भार हवा दिली तरी इंजिन सुखानें चालतें.

जमलेल्या वैमानिकांनीं शंका काढल्या आणि त्या शंका मूर्खपणाच्या नव्हत्या. फेरे कमी आणि दाब जास्त म्हणजे इंजिनाला कण्हत चालवणें. त्यानें ठिणगीचे प्लग काजळतील, सिलिंडर जळतील, असें त्यांना शिक्षणशाळेंतच पढविलेलें होतें. ज्या इंजिनावर समुद्रावरून परत यावयाचें, त्याच्याशीं कोण खेळ करील? लिंडबर्गनें उत्तर दिलें तें एवढेंच, कीं हीं सैन्याचीं इंजिनें आहेत, हा भार तीं सोसतील. नंतर इंजिनें उघडून पाहिलीं, तीं ठीक होतीं. कोणाचेंहि व्याख्यान जें करूं शकलें नसतें तें त्या उरलेल्या पेट्रोलच्या आंकड्यांनीं केलें.

परिणाम झटपट दिसला. सहा-सात तासांचीं उड्डाणें नऊ-दहा तासांपर्यंत गेलीं. वैमानिकांची नवी तक्रार सुरू झाली ती इतका वेळ एका जागीं बसून कंबर धरते ही! लिंडबर्ग ऑस्ट्रेलियांत जनरल केनी आणि जनरल मॅक्आर्थर यांना भेटला तेव्हां सातशें मैलांवर जाऊन लढून परत येतां येईल असें त्यानें सांगितलें, आणि मॅक्आर्थरनीं इतर गटांनाहि हें शिकविण्याची त्याला मुभा दिली. बाँबफेकी विमानांच्या सोबतीला लढाऊ विमानें जाऊं शकतील अशीं ठिकाणें नकाशावर एकदम वाढलीं. नवें विमान नाहीं, नवें इंजिन नाहीं, केवळ तीन दांड्या वेगळ्या जागीं. २८ जुलैला सेराम बेटाजवळ या बिनसैनिकानें एक जपानी विमानहि पाडलें. पण त्यापेक्षां त्या संध्याकाळच्या व्याख्यानानें किती तरुण समुद्रांत पडण्यापासून वांचले असतील हें अधिक महत्त्वाचें.

याच काळांत हिंदी महासागरावर काटकसरीचा दुसरा एक प्रयोग शांतपणें चालू होता. सिंगापूर पडल्यावर ऑस्ट्रेलिया व इंग्लंड यांमधील विमानमार्ग तुटला. तो जोडण्यासाठीं क्वांटास कंपनीनें १९४३ च्या जुलैपासून पर्थ आणि सिलोनमधील कोग्गला यांच्या दरम्यान कॅटालिना जातीचीं जलविमानें सोडलीं. अंतर साडेतीन हजार सागरी मैल. वेग ताशीं सव्वाशें मैलांच्या आसपास. प्रवास सत्तावीस ते तेहेतीस तासांचा. पेट्रोलसाठीं वजन काढावें म्हणून विमानाच्या आंतील अस्तरसुद्धां उखडून टाकलें होतें. उतारू फार तर तीन आणि थोडी टपाल. जपानी टेहळणीच्या भीतीनें रेडिओ मुका. वाट ताऱ्यांवरून काढावयाची. एका प्रवासांत दोनदां सूर्योदय दिसे, म्हणून उतारूंना ‘दुहेरी सूर्योदयाच्या गुप्त मंडळा’चें प्रमाणपत्र देत. दोन वर्षांत २७१ फेऱ्या झाल्या आणि एकहि विमान हरवलें नाहीं. लढाईच्या इतिहासांत या उड्डाणांना दोन ओळीसुद्धां मिळत नाहींत, हें अन्यायाचें आहे.

युद्धानंतर हीच विद्या उतारूंच्या विमानांत आली. ८ जून १९४८ रोजीं मुंबईहून कैरो व जिनीव्हामार्गें लंडनला निघालेलें एअर इंडियाचें ‘मलबार प्रिन्सेस’ हें लॉकहीड कॉन्स्टेलेशन विमान चार मोठ्या दट्ट्यांच्या इंजिनांवर चालत असे. महासागरांवरून जाणाऱ्या अशा विमानांत किती मैल गेलों आणि किती पेट्रोल जळलें याचा आलेख काढीत बसणें हें एक कामच असे. त्या आलेखाला अमेरिकन लोकांनीं ‘हाउगोझिट’, म्हणजे ‘कसें काय चाललें आहे’, असें गमतीचें नांव दिलें होतें. आलेखाची रेघ ठरलेल्या रेघेखालीं उतरूं लागली कीं परत फिरावें कीं पुढें जावें याचा निर्णय घ्यावा लागे, आणि एका बिंदूनंतर परत फिरण्याची मुभाच संपे. १९४६ च्या सप्टेंबरअखेर अमेरिकन आरमाराचें ‘ट्रुक्युलंट टर्टल’ हें दोन इंजिनांचें विमान पर्थहून रॉकेटांच्या धक्क्यानें उचललें गेलें आणि ५५ तासांनीं ओहायोंतील कोलंबसला उतरलें: ११,२३५ मैल. आंत चार माणसें आणि एक कांगारू. वॉशिंग्टनपर्यंत जावयाचें होतें. तें खराब हवेमुळें राहिलें. दट्ट्याच्या इंजिनांचा तो विक्रम चाळीस वर्षें टिकला.

तो मोडला तो ‘व्होएजर’नें. बर्ट रूटन यांनीं आंखलेल्या या विमानाचा सांगाडा कार्बन तंतूंच्या थरांचा होता. १४ डिसेंबर १९८६ रोजीं कॅलिफोर्नियांतील एडवर्ड्स तळावरून निघतांना त्याचें वजन ९,७०० पौंडांच्या आंत-बाहेर होतें आणि त्यांपैकीं ७,०११ पौंड निव्वळ पेट्रोल. धांवतांना पेट्रोलच्या भारानें पंखांचीं टोकें जमिनीला घासून फाटलीं. आंत डिक रूटन आणि जीना येगर, एका अरुंद नळींत. पहिले तीन दिवस दोन्ही इंजिनें चालवून, वजन उतरल्यावर पुढचें बंद केलें आणि मागच्या ११० घोड्यांच्या इंजिनावर, हॉलच्या त्याच जुन्या नियमानें वेग उतरवीत, दोघें पृथ्वीभोंवतीं निघालीं. शेवटच्या रात्रीं, घर कांहींशें मैल राहिलें असतां, पंप बिघडून मागच्या इंजिनाला पेट्रोल मिळेनासें झालें. काळोखांत विमान कांहीं हजार फूट नुसतें घसरत खालीं आलें, तेव्हां कोठें बंद ठेवलेलें पुढचें इंजिन पुन्हां सुरू झालें. २३ डिसेंबरच्या सकाळीं, नऊ दिवस तीन मिनिटांनीं, तें एडवर्ड्सवर टेकलें. टाक्या उपसून मोजल्या तेव्हां त्यांत १०६ पौंड पेट्रोल निघालें.